घाई केली की घाई झाली?

व्याकरणाच्या पुस्तकात क्रियाविशेषणास फारसा मान मिळत नाही. नाम आणि क्रियापद हे वाक्याचे धनी. विशेषण हा नामाचा अलंकार. आणि क्रियाविशेषण म्हणजे लग्नघरी उशिरा आलेला पाहुणा, जेथे जागा मिळेल तेथे बसणारा. तो उठून गेला तरी पंगत मोडत नाही, म्हणून त्याजकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु इंग्रजी व मराठी हे दोन्ही विषय पुष्कळ वर्षे शिकविल्यावर माझे असे मत झाले आहे की, मनुष्याविषयी आपण जो निवाडा करतो तो बहुधा क्रियाविशेषणातच दडलेला असतो. ‘त्याने पत्र लिहिले’ हे केवळ वृत्त होय. ते त्याने कसे लिहिले हे सांगू लागताच आपण नकळत न्यायासनावर जाऊन बसतो.

असाच एक निवाडा करणारा इंग्रजी शब्द आजच्या विचारासाठी घेतला आहे. तो शब्द ‘हेस्टिली’. ‘हेस्ट’ म्हणजे घाई हे नाम. त्यापासून ‘हेस्टी’ हे विशेषण. आणि त्यास ‘एलवाय’ हा प्रत्यय लागून क्रियाविशेषण. प्रत्यय लागताना ‘हेस्टी’मधील शेवटचा ‘वाय’ जाऊन त्याजागी ‘आय’ येतो, हे उत्तरपत्रिकांत पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. उच्चाराचीही एक मौज आहे. ‘हेस्ट’ या नामापासून ‘घाई करणे’ या अर्थी जे क्रियापद होते त्यात ‘टी’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्याचा उच्चार ‘हेसन’ असा होतो. ‘हेस्टिली’मध्ये मात्र तोच ‘टी’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

आता अर्थ पाहू. या शब्दाचे अर्थ मुख्यत्वे दोन. पहिला अर्थ ‘थोडक्या वेळात, लगबगीने’. पाऊस येताना पाहून बाईने वाळत घातलेले कपडे ‘हेस्टिली’ गोळा केले, येथे कोणताही दोष सुचविलेला नाही. दुसरा अर्थ ‘पुरता विचार न करता, उतावीळपणे’. पंचांनी एकाच बाजूचे ऐकून ‘हेस्टिली’ निर्णय दिला, येथे मात्र दोष उघड आहे. यांतील कोणता अर्थ घ्यावयाचा, हे शेजारच्या क्रियापदावरून ठरते. कपडे घालणे, जेवणे, निघून जाणे ही हातापायांची कामे असली म्हणजे बहुधा पहिला अर्थ असतो. ठरविणे, वचन देणे, अनुमान काढणे, दोष ठेवणे ही मनाची कामे असली म्हणजे दुसरा अर्थ पुढे येतो. कारण हातांनी वेग धरला तर काम लवकर होते, पण मनाने तसाच वेग धरला तर काम अर्धवट होते.

आणखी एक कसोटी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आगगाडी ‘क्विकली’ धावते, नदी ‘स्विफ्टली’ वाहते; परंतु गाडी किंवा नदी ‘हेस्टिली’ जाते असे चांगला इंग्रजी लेखक सहजासहजी लिहिणार नाही. कारण या शब्दास कर्त्याच्या ठिकाणी मन लागते. त्याच्या भाऊबंदांचेही असेच स्वतंत्र स्वभाव आहेत. ‘क्विकली’ केवळ वेग सांगते. ‘प्रॉम्प्टली’ तत्परता सांगते, म्हणून पत्राचे उत्तर किंवा दुकानदाराचे देणे ‘प्रॉम्प्टली’ द्यावे. ‘रॅशली’मध्ये धोक्याची पर्वा नसते. आजाऱ्याकडे वैद्य ‘प्रॉम्प्टली’ यावा अशी आपली इच्छा असते. परंतु त्याने निदान ‘हेस्टिली’ करावे असे कोणासही वाटत नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या एकाच माणसाकडून आपण एक घाई मागतो आणि दुसरी नाकारतो, इतके या शब्दांत अंतर आहे.

या भाऊबंदांपैकी एकाचे नाव मी मुद्दाम राखून ठेवले आहे. ते ‘हरिडली’. यासही आपण मराठीत ‘घाईघाईने’ असेच म्हणतो, आणि कित्येक कोश एकाच्या अर्थापुढे दुसरा देऊन मोकळे होतात. माझेही त्यावर फारसे लक्ष गेले नव्हते. ते गेले ते एका विद्यार्थ्यामुळे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेतून एक मुलगा आमच्या नववीच्या वर्गात आला. त्याजबरोबर आलेल्या प्रगतिपत्रकात शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एकच वाक्य होते, ते असे की हा मुलगा आपले काम ‘हेस्टिली’ करतो. वह्या पाहिल्या तेव्हा शेरा खरा वाटावा असेच अक्षर दिसले. ओळी उतरत गेलेल्या, काने व मात्रा कोठे पडलेल्या, कोठे राहिलेल्या. परंतु उत्तरे बरोबर असत. गणितातील रीत सुटलेली नसे. निबंधात सांगावयाचे ते नीट सांगितलेले असे. उतावीळ मनुष्याची लक्षणे याहून निराळी असतात. त्याचे अक्षर कित्येकदा सुंदर असते आणि उत्तर चुकलेले असते.

एके दिवशी वर्गात मी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले. त्याचा अर्थ ‘त्याने ते पत्र घाईघाईने लिहिले’ असा होता आणि त्यात क्रियाविशेषण ‘हेस्टिली’ हेच होते. मुलांनी भाषांतर केले. हा मुलगा मात्र वही मिटून बसला होता. विचारले तेव्हा उभा राहून म्हणाला, “सर, त्याने घाई केली की त्याला घाई झाली?”

वर्ग हसला. मला हसू आले नाही. मुलाच्या त्या प्रश्नात दोन भाषांचे व्याकरण एकत्र आले होते.

आपली मराठी या बाबतीत फार चोखंदळ आहे. ‘मी घाई केली’ या वाक्यात घाईचा कर्ता मी आहे. ती माझ्या मनातून निघाली आणि तिची जबाबदारी मजवर आहे. ‘मला घाई झाली’ या वाक्यात मी चतुर्थीत जाऊन बसतो. तहान लागते, झोप येते, थंडी वाजते, तशी घाई मला होते; ती बाहेरून येते आणि मी ती सोसतो. मग मी इंग्रजी शब्दांकडे पुन्हा पाहिले. ‘हरिडली’ हे ‘हरिड’ या कर्मणि धातुसाधितापासून झालेले आहे. ‘हरिड’ म्हणजे ज्यास कोणी वा कशाने तरी घाई करावयास लाविले आहे असा. ‘हेस्टी’ हे मात्र मनुष्याच्या स्वभावाचे किंवा त्याच्या कृतीचे विशेषण आहे. बोलताना इंग्रज लोक हे दोन शब्द कित्येकदा एकमेकांच्या जागी वापरतात हे खरे. परंतु शब्दांच्या घडणीत भेद आहे, आणि काळजीपूर्वक लिहिणारा लेखक तो पाळतो. घाई ज्यास झाली त्याचे काम ‘हरिडली’; घाई ज्याने केली त्याचे काम ‘हेस्टिली’. पहिल्या शब्दावर आपणास दया येते, दुसऱ्यावर आपण बोट ठेवतो.

त्या मुलास कोणती घाई होती, हे पुढे समजले. त्याचे वडील हयात नव्हते. पहाटे उठून सायकलीवर दोन कॅन अडकवून तो गावात दुधाचे रतीब घालीत असे, आणि शेवटच्या घरचे माप घातल्यावर नदीकाठच्या पारावर बसून, शाळेची घंटा होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात, तो गृहपाठ लिही. टेबल नाही, दिवा नाही, आणि बोटे थंडीने आखडलेली. काने व मात्रा का पडत, हे निराळे सांगावयास नको.

वर्षअखेरीस त्याचे प्रगतिपत्रक लिहावयाचे काम मजकडे आले. तुम्हांस वाटेल, एका रकान्यातील एका शब्दाने असे काय होणार आहे? परंतु गरीब मुलाजवळ पुढील शिष्यवृत्तीच्या अर्जास जोडावयास दुसरे काय असते? वह्या रद्दीत जातात, शिक्षक बदलून जातात, आणि शेरा मात्र कागदावर राहतो. ज्याने मुलास कधी पाहिले नाही असा मनुष्य तो वाचतो आणि त्यावरून मुलगा कसा आहे हे ठरवितो. मी लिहिले की, या विद्यार्थ्यास आपले काम फार थोड्या वेळात उरकावे लागते आणि तरीही तो ते विचारपूर्वक करतो. इंग्रजी वाक्यात मी ‘हरिडली’ हा शब्द घातला, आणि तो ‘हेस्टिली’ काम करीत नाही असेही स्पष्ट नोंदविले. मुख्याध्यापकांनी सहीपूर्वी चष्मा काढून विचारले, “या दोहोंत काही फरक आहे काय?” मी त्यांस मुलाचाच प्रश्न ऐकविला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सही केली. पुढील जूनपासून त्या मुलास सकाळी अर्धा तास वाचनालयाची खोली उघडून देण्याचा क्रम त्यांनीच सुरू केला. अक्षर पुष्कळ सुधारले.

असो. शब्दांचा पूर्वेतिहासही या भेदास पुष्टी देतो. ‘हेस्ट’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. परंतु फ्रेंचांनी तो त्याहून प्राचीन अशा जर्मानिक बोलीतून घेतला होता, आणि तेथे त्या धातूचा अर्थ कलह व जबरदस्ती असा होता. आता आपल्या ‘सहसा’ या शब्दाकडे पाहा. संस्कृतात ‘सहस्’ म्हणजे बळ. त्याची तृतीया ‘सहसा’, म्हणजे बळाने, आणि त्यावरून एकाएकी, अविचाराने. त्याच कुळातील ‘साहस’ हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो; पण प्राचीन धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यांस ‘साहस’ म्हणत. इतक्या दूरच्या दोन भाषांनी अविचारी घाईचे नाते जबरदस्तीशीच जोडावे, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. उतावीळपणे निर्णय देणारा मनुष्य सत्यावर एक प्रकारे हात उगारीतच असतो.

उलट ‘स्पीड’ या शब्दाचा मूळ अर्थ वेग नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ भरभराट, कार्यसिद्धी असा असे. प्रवासास निघालेल्या माणसास इंग्रज लोक ‘गॉडस्पीड’ म्हणत, त्यात देव तुला धावडवो असा भाव नसून, देव तुझे कार्य सिद्धीस नेवो असा आशीर्वाद आहे. ‘पोस्टहेस्ट’ या शब्दाची जन्मकथा याहून रोमांचकारी आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडात राजकार्याची पत्रे घोडेस्वार टप्प्याटप्प्याने नेत. स्वाराने विलंब करू नये म्हणून पाकिटाच्या वरच घाई करण्याची आज्ञा लिहीत, आणि कित्येक पत्रांवर तर फासाचे चित्रही काढीत. घाई ‘झाली’ म्हणजे काय, हे त्या स्वारांस चांगलेच ठाऊक असावे.

या सर्व छटा एकाच प्रसंगात पाहावयाच्या असतील, तर मार्ककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढावा. 1611 साली छापलेल्या इंग्रजी भाषांतरात, हेरोदियेची मुलगी राजाकडे परत येऊन आपली भयंकर मागणी करते त्या एका वचनात, त्वरेचे तीन शब्दप्रयोग आले आहेत. ती तत्काल आली, घाईने आली, आणि जे हवे ते ‘बाय अँड बाय’ हवे असे म्हणाली. आजचा विद्यार्थी याचा अर्थ ‘सवडीने, हळूहळू’ असा करील. परंतु त्या काळी या शब्दांचा अर्थ ‘आताच्या आता’ असा होता. मुलीस आईची आज्ञा होती. शिपायास राजाची आज्ञा होती. भर मेजवानीत शपथ वाहून बसलेल्या राजास मात्र घाई करण्याची आज्ञा कोणीही केली नव्हती. त्या अध्यायात खऱ्या अर्थाने ‘हेस्टिली’ वागलेला मनुष्य तोच. आणि त्या उतावीळ शपथेची किंमत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्या मस्तकाने दिली. दुसऱ्याच्या उतावीळपणाचे मोल निरपराध्याने द्यावे, हा जगाचा जुना अनुभव आहे.

‘बाय अँड बाय’ प्रमाणेच इंग्रजीतील दुसरेही त्वरावाचक शब्द कालांतराने सैल पडले आहेत. ‘सून’ म्हणजे पूर्वी तत्क्षणी, आज लवकरच. ‘प्रेझेंटली’ म्हणजे पूर्वी ताबडतोब. मागाहून त्याचा अर्थ थोड्या वेळाने असा झाला. ‘अनॉन’चीही तीच गत. कारण उघड आहे. मनुष्य ‘आत्ता येतो’ म्हणतो आणि घटकाभराने येतो. त्याच्या आळसाचा दंड बिचाऱ्या शब्दास भरावा लागतो. मराठीनेही हेच केले आहे. संस्कृतात एकाएकी असा अर्थ असलेला ‘सहसा’ आपण आज ‘बहुधा’ या अर्थी वापरतो. ‘तो सहसा उशीर करीत नाही’ असे म्हणताना त्या शब्दातील जुन्या बळाची आठवणही आपणास होत नाही.

भाषांतर करणाऱ्या मुलांनी येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. प्रत्येक ठिकाणी ‘घाईघाईने’ लिहून मोकळे होणे ही स्वतःच एक घाई आहे. आपल्या भाषेचे भांडार थोडे उघडून पाहा. पाहुण्यांसाठी आई स्वयंपाकघरात जाते ती ‘लगबगीने’. त्यात प्रेम आहे. सरकारी हुकूम निघतो तो ‘तातडीने’. नोकरास काढून टाकतात ते ‘तडकाफडकी’. त्यात राग आहे. काम बिघडते ते ‘घिसाडघाईने’. अनेकांची एकदम धांदल उडाली म्हणजे ‘तारांबळ’. लग्नात मंगलाष्टकांच्या अखेरीस ताऱ्यांच्या बळाचा उल्लेख येतो आणि त्या क्षणी मांडवात एकच गडबड होते, त्यावरून हा शब्द निघाला असे सांगतात. शिवाय चटकन, झटकन, पटकन, भर्रकन असे नादावरून झालेले शब्द आहेतच. एका ‘हेस्टिली’साठी यांपैकी कोणता शब्द निवडावा हे कोश सांगणार नाही, प्रसंग सांगेल.

कोशांचा विषय निघालाच आहे, तर कोशकारांचे एक उदाहरण देतो. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी आपला इंग्रजी कोश तीन वर्षांत पुरा करण्याचे 1746 साली मान्य केले होते. तो 1755 साली प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे काम जेम्स मरे यांनी 1879 साली दहा वर्षांच्या बोलीने हाती घेतले. पहिला भाग 1884 साली निघाला तेव्हा ते ‘ए’ या पहिल्याच अक्षरातील ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोहोचले होते! मरे 1915 साली निवर्तले आणि कोश 1928 साली पुरा झाला. आपल्याकडे मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 साली काढली, आणि बाबा पदमनजी यांनी 1863 साली त्याचा संक्षेप करून तो विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणला. या सर्वांस प्रकाशकांची, पैशांची, वाढत्या वयाची घाई झालीच असेल. त्यांनी ती केली नाही, म्हणून आज दीडशे वर्षांनंतरही मोल्सवर्थांचा कोश उघडावासा वाटतो.

आजच्या काळात हा भेद जाणण्याची गरज वाढली आहे. 2013 साली आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. तार करावयाची तर मनुष्य तारघरापर्यंत चालत जाई, शब्द मोजी, दोन शब्द खोडी; तेवढ्या वेळात राग थोडा निवे. आता संदेश अंगठ्याने लिहितात आणि तो लिहून होताच गेलेलाही असतो. एखाद्या मित्राविषयी काही ऐकावे, क्षणात चार ओळी लिहाव्या, आणि त्या शंभर जणांनी वाचाव्या, असे तुमच्याच वयाच्या मुलांकडून घडते. तेथे कोणीही पाकिटावर फासाचे चित्र काढलेले नसते. घाई झालेली नसते, केलेली असते.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, कामे लवकर करा, उत्तरे तत्परतेने द्या, हाकेस लगबगीने ओ द्या. परीक्षेत ‘हेस्टिली’चा अर्थ विचारला तर दोन्ही अर्थ लिहा आणि स्पेलिंगातील ‘आय’ विसरू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक, कोणी अधिकारी, कोणी पंच होईल; दुसऱ्याच्या नावापुढील रकान्यात एखादे क्रियाविशेषण लिहिण्याची पाळी तुम्हांवर येईल. तेव्हा लेखणी टेकण्यापूर्वी, त्या माणसाचा दिवस पहाटे किती वाजता सुरू होतो, एवढे विचारून घ्या.